वसंत रुसतो तेव्हां : अमेरिकेंतील क्रॅपी माशांची शिकार

प्रत्येक देशांतील लोकांच्या मनांत वर्षाचे कांहीं दिवस राखून ठेवलेले असतात. मृगाचा पहिला पाऊस पडून ओहोळ वाहूं लागले कीं कोंकणांतील माणूस चढणीच्या माशांची वाट पाहूं लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मध्य व दक्षिण भागांत असेंच घडतें. मार्च महिना उजाडला कीं तेथील हजारों कुटुंबांचें लक्ष 'क्रॅपी' नांवाच्या एका लहानशा माशाकडे लागतें. कारखान्यांतला कामगार आपली रजा याच आठवड्याकरितां राखून ठेवतो, आजोबा नातवाची काठी दुरुस्त करून ठेवतात, आणि सरोवराकांठच्या लहान गांवांतील खाणावळी व आमिषाचीं दुकानें या महिन्या-दीड महिन्याच्या मिळकतीवर वर्षाचा बराच भार सोंपवितात. परंतु वसंत हा दिलेला शब्द पाळणारा ऋतु नव्हे. एखाद्या वर्षीं थंडी परत फिरते, नद्या गढूळ होऊन फुगतात, वारा चार-चार दिवस पडत नाहीं, आणि जेथें गेल्या वर्षीं टोपलीभर मासे मिळाले तेथें दिवसभर बसूनहि दोरी हालत नाहीं. अशा वेळीं मासा कोठें जातो, कां जातो, आणि जाणता मनुष्य त्यावर कोणता उपाय योजतो, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण त्यांत पाण्याचें, हवेचें व जीवसृष्टीचें शास्त्र एकत्र आलेलें आहे.

प्रथम या माशाची ओळख करून घेतली पाहिजे. क्रॅपी हा उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा मासा आहे. त्याच्या नांवाचा उच्चार कोठें 'क्रॅपी' तर कोठें 'क्रॉपी' असा करितात. त्याचें शरीर दोन्ही बाजूंनीं चपटें व रंग रुपेरी असतो. त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर काळसर उभे पट्टे दिसतात व पाठीवरील पराला बहुधा सहा कांटे असतात. काळ्या क्रॅपीच्या अंगावर ठिपके विखुरलेले असतात व कांटे सात किंवा आठ असतात. पांढऱ्या जातीला गढूळ पाणी सोसतें; काळ्या जातीला नितळ पाणी व पाणवनस्पती अधिक मानवतात. सामान्यतः गळाला लागणारा मासा अर्ध्या ते एक पौंडाचा असतो. मिसिसिपी संस्थानांतील ईनिड सरोवरांत १९५७ सालीं ५ पौंड ३ औंसांचा पांढरा क्रॅपी सांपडला, आणि टेनेसींत २०१८ सालीं ५ पौंड ७ औंसांहून कांहींसा अधिक वजनाचा काळा क्रॅपी मिळाला. हे आपापल्या जातींतील विक्रम मानले जातात. म्हणजे हा मासा कांहीं आकारानें मोठा नव्हे. त्याची कीर्ति आहे ती त्याच्या पांढऱ्याशुभ्र, गोडसर मांसामुळें. लुइझिआनांतील फ्रेंच भाषिकांत त्याला जें नांव रूढ आहे त्याचा फ्रेंचमधील शब्दशः अर्थ 'दुधाची पिशवी' असा होतो. मक्याच्या पिठांत घोळवून तळलेल्या याच्या तुकड्यांवांचून तिकडील वसंतांतील सहभोजन पुरें होत नाहीं.

हा मासा ज्या जलाशयांत मुख्यत्वें धरला जातो त्यांची हकीकतहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. टेनेसीमधील रीलफूट सरोवर १८११-१२ सालच्या मोठ्या भूकंपांनीं जमीन खचून निर्माण झालें. परंतु इतर बहुतेक प्रसिद्ध जलाशय मनुष्यनिर्मित आहेत. टेनेसी नदीवर १९४४ सालीं पुरें झालेल्या धरणामुळें केंटकी सरोवर तयार झालें. त्याचा विस्तार सुमारें १ लक्ष ६० हजार एकर आहे. १९२७ सालीं मिसिसिपी नदीला जो प्रलयंकारी पूर आला त्याचा धडा घेऊन मिसिसिपी संस्थानाच्या उत्तर भागांत सार्डिस, अर्काबटला, ईनिड व ग्रेनाडा हीं चार धरणें पुढें १९४० ते १९५४ या काळांत उभीं राहिलीं. हीं धरणें बांधणाऱ्यांच्या मनांत पूर, वीज व नौकानयन यांचा विचार होता, माशांचा नव्हता. मासा तेथें पाहुणा म्हणून राहतो, आणि घरमालक आपल्या सोयीप्रमाणें पाण्याची पातळी खालीं-वर करितो. केंटकी सरोवराची हिवाळ्यांतील पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ फूट ठेवतात व एप्रिलच्या प्रारंभापासून ती चढवीत मेच्या प्रारंभीं ३५९ फुटांवर आणतात. ग्रेनाडा सरोवराची नियोजित पातळी तर हिवाळ्यांत १९३ फूट व उन्हाळ्यांत २१५ फूट, म्हणजे बावीस फुटांचा फरक! हा सारा बदल नेमका माशांच्या विणीच्या हंगामांतच होतो, ही गोष्ट पुढील विवेचनांत महत्त्वाची आहे.

आतां माशाचा वार्षिक क्रम पाहूं. हिवाळ्यांत क्रॅपी जुन्या नदीपात्राच्या खोल पाण्यांत थव्यानें राहतो, कारण तेथील तापमानांत फारसा फरक पडत नाहीं. पाणी फॅरनहाइटच्या पन्नास अंशांच्या वर जाऊं लागलें कीं थवे हालतात आणि बुडालेल्या ओढ्यांच्या खोलगट वाटांनीं खाड्यांच्या उथळ टोकांकडे सरकूं लागतात. साठ ते अडुसष्ट अंशांच्या दरम्यान वीण होते. नर प्रथम उथळ पाण्यांत जातो, खडीच्या किंवा घट्ट मातीच्या तळावर, बहुधा एखाद्या खुंटाच्या किंवा झुडुपाच्या आश्रयानें, वाटोळी जागा साफ करितो, आणि त्या दिवसांत त्याचा रंग गडद होतो. मादी येऊन हजारों अंडीं घालते व पुन्हा खोल पाण्याकडे परतते. अंडीं राखण्याचें काम नराकडे असतें. तो परांनीं पाणी हालवीत त्यांना ताजा प्राणवायु पुरवितो व अंडीं खाण्यास येणाऱ्या माशांना हुसकावितो. पाण्याच्या उबेनुसार दोन ते पांच दिवसांत पिलें बाहेर पडतात. याच काळांत हा एरवीं दुर्लभ मासा कांठापासून हाताच्या अंतरावर येतो, आणि ज्यांच्यापाशीं होडी नाहीं अशा गरिबांनाहि तो मिळूं शकतो. वसंतांतील या थोड्या दिवसांचें मोल एवढें कां, हें यावरून ध्यानांत येईल.

आपल्याकडील शेतकरी जसा नक्षत्रांवरून पावसाचा अदमास घेतो, तसा तिकडील जुना माणूस झाडांवरून घेतो. डॉगवूड नांवाच्या झाडाला पांढरीं फुलें आलीं कीं क्रॅपी कांठाला लागला, असा तेथें लोकांचा पक्का समज आहे. आणि तो निराधार नाहीं, कारण झाड व मासा दोघेहि हवेच्या उबेला प्रतिसाद देतात. परंतु त्याच लोकांनीं 'डॉगवूडचा हिवाळा' व 'ब्लॅकबेरीचा हिवाळा' हेहि शब्द घडविले आहेत. हीं झाडें फुललेलीं असतां जी थंडी एकाएकी उलटून येते तिचीं हीं नांवें होत. २००७ सालीं मार्च महिना विलक्षण ऊबदार गेला, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस पूर्व व दक्षिण भागांत असें कडक दहिंवर पडलें कीं फळबागा व गव्हाचीं शेतें करपून गेलीं. अशा वसंतांत झाडांचा मोहोर जळतो आणि पाण्यांतील विणीलाहि अडथळा येतो.

थंडीची लाट आली कीं मासे तोंड मिटून बसतात, याचें कारण बहुतेक गळ टाकणारे वायुभारमापकांत शोधतात. पारा चढला म्हणजे माशाला तो दाब सोसत नाहीं, असें ते म्हणतात. येथें थोडें गणित उपयोगीं पडतें. पारा पाण्याहून साडेतेरा पटींपेक्षां कांहींसा अधिक जड आहे. म्हणून पारा अर्धा इंच चढला, तरी तो वाढलेला दाब सुमारें सात इंच पाण्याच्या भाराएवढाच होतो. मासा सात इंच वर सरकला तर त्याला तो फरक मुळींच जाणवणार नाहीं. तेव्हां खरें कारण दुसरीकडे असावें. लाटेमागोमाग आकाश निरभ्र होतें, ऊन पाण्यांत खोलवर शिरतें, आणि रात्रीं उथळ पाणी झपाट्यानें निवतें. ताटांत ओतलेला चहा कपांतल्या चहापेक्षां लवकर निवतो, तसेंच हें आहे. उथळ खाडीचें पाणी एका रात्रींत कित्येक अंश उतरतें. वीस फुटांवरचें पाणी मात्र होतें तसेंच राहतें. म्हणून विणीच्या तयारीनें वर आलेले मासे मागें फिरतात.

पण ते फार दूर जात नाहींत, आणि हेंच अनुभवी माणसाला ठाऊक असतें. नवखा मनुष्य कालच्याच जागीं बसून राहतो किंवा निराश होऊन सरोवर पालथें घालतो. जाणता मनुष्य, मासे ज्या वाटेनें वर आले त्याच वाटेनें मागें जातो. उथळ टोकापासून निघून बुडालेल्या ओढ्याच्या कडेनें आठ, दहा, बारा फूट खोलीचें पहिलें वळण, पुलाचा खांब, बुडालेलें झाड किंवा झुडुपांचा ढीग तो तपासतो. (नाताळांत वापरून झालेलीं झाडें गोळा करून माशांना आसरा म्हणून सरोवरांत बुडविण्याची चाल तेथें आहे.) थंडीनें मासा सुस्तावलेला असतो, तो आमिषाचा पाठलाग करीत नाहीं, समोर आलें तरच घेतो. म्हणून आमिष लहान व चाल मंद ठेवावी लागते. बुचाच्या तरंगत्या खुणेखालीं औंसाच्या बत्तिसाव्या हिश्श्याचा शिशाचा मणी असलेला, रंगीत झालरीचा गळ किंवा बोटाएवढा जिवंत मासा लटकवून तो जवळजवळ स्थिर राखणें, ही या दिवसांतील मुख्य युक्ति होय. क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच असतात व तो वरच्या बाजूचें भक्ष्य टिपतो. यास्तव गळ माशाच्या पातळीच्या थोडा वर हवा. तो खालीं गेला तर माशाला दिसतच नाहीं.

वेळेचाहि विचार बदलावा लागतो. एरवीं पहाटे निघण्याची हौस असते. थंडीच्या लाटेनंतर मात्र दुपार चांगली. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें, आणि उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळत असल्यामुळें, सरोवराचा उत्तरेकडील कांठ लवकर तापतो. पुलाजवळील दगडी भराव दिवसभर ऊन शोषून घेतो व शेजारचें पाणी ऊबदार करितो. एक-दोन अंशांचा हा फरक माणसाच्या हाताला कळत नाहीं, पण माशाला कळतो. म्हणून पाण्यांत बुडवावयाचा साधा तापमापक हें अशा हंगामांतील सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

दुसरें संकट गढूळ पाण्याचें. मुसळधार पावसानें ओढे माती घेऊन येतात व सरोवराचा वरचा भाग कॉफीसारखा होतो. गढूळ पाणी उन्हाची उष्णता वरच्याच थरांत शोषून घेतें, त्यामुळें तें एखादे वेळीं नितळ पाण्यापेक्षां लवकर तापतें व मासे उथळांत राहतात. परंतु त्यांना दूरचें दिसत नाहीं, म्हणून ते खुंटाला किंवा फांदीला अगदीं चिकटून असतात. अशा वेळीं आमिष फांदीपासून हातभर दूर असून चालत नाहीं. लांब काठीच्या टोंकानें तें नेमकें झुडुपांत सोडावें लागतें. रंगहि गडद किंवा फार भडक पिवळा-हिरवा निवडतात. ज्यांना हें जमत नाहीं त्यांनीं धरणाच्या बाजूला जावें. कारण गाळ वाटेंत बसत जातो व खालच्या भागांतील पाणी बराच काळ नितळ राहतें.

तिसरें संकट पातळीचें. पाणी चढूं लागलें कीं मासा त्याच्याबरोबर नव्यानें बुडालेल्या झुडुपांत शिरतो. त्यामागें होडीनें जातां येत नाहीं. कमरेएवढ्या पाण्यांत उतरून दहा-बारा फुटांची काठी चालविणारा मनुष्य तेथें यशस्वी होतो. मात्र पन्नास-साठ अंशांचें पाणी शरीराला फार लवकर गारठवितें, म्हणून तरंगजाकीट घातल्यावांचून व सोबती घेतल्यावांचून कोणीं त्यांत उतरूं नये. याउलट पाणी उतरूं लागलें कीं मासा झुडुपें सोडून बाहेरील उताराकडे येतो. एका दिवसांत वीतभर पाणी उतरलें तरी कालची जागा ओस पडते. २०११ सालच्या वसंतांत ओहायो व मिसिसिपी नद्यांना महापूर आला असतां खालच्या गांवांच्या बचावासाठीं केंटकी सरोवरांत पाणी अडवून धरावें लागलें होतें. अशा वर्षीं मासेमारीचा हंगाम बुडाला तर कुरकुर करण्यांत अर्थ नसतो. धरण ज्या कामासाठीं बांधलें तें काम तें करीत असतें.

चौथें संकट वाऱ्याचें. जोराच्या वाऱ्यांत हलकी आमिषें स्थिर राहत नाहींत, आणि होडीच्या पुढच्या टोंकास आठ-आठ काठ्या पंख्यासारख्या लावून संथ गतीनें पुढें जाण्याची जी पद्धत आहे ती निरुपयोगी ठरते. अशा दिवशीं आडोशाची खाडी शोधून नांगर टाकणें बरें. पण वारा सर्वस्वीं शत्रु नव्हे. दक्षिणेचा मंद वारा दोन-तीन दिवस सारखा वाहिला तर तो वरचें ऊबदार पाणी उत्तर कांठाकडे लोटून नेतो, व त्या कांठाची वीण इतरत्रांपेक्षां आधीं सुरू होऊं शकते.

इतकें करून मासा लागला तरी तो हातीं येईलच असें नाहीं. या माशाच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. रागानें किंवा घाईनें झटका दिला कीं ती फाटते व मासा निसटतो. मनगट हलकेंच वर उचलणें, दोरी सैल न सोडणें व शेवटीं जाळीचा आधार देणें, एवढेंच करावयाचें असतें. बारा तासांत तीनच वेळां दोरी हालली असतां हा संयम टिकविणें सोपें नाहीं, आणि बहुतेक मासे तेथेंच गमावले जातात.

२०१८ च्या सुमारास होडीच्या पुढील पाण्यांतील हालचाल तत्काल पडद्यावर दाखविणारें ध्वनियंत्र बाजारांत आलें, आणि या छंदाचें रूप पालटलें. खोल पाण्यांत माघार घेतलेला मासा आतां लपून राहत नाहीं. थंडीनें हंगाम बिघडला तरी यंत्रवाल्याची टोपली भरते. यावर तिकडे मोठा वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो कीं, यंत्र मासा दाखवितें, त्याला गळ गिळावयास लावीत नाहीं. दुसरा म्हणतो कीं, पूर्वीं वाईट हवा हीच माशांची विश्रांति होती, ती आतां नाहींशी झाली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याचा विचार करण्यास सबळ कारण आहे.

तें कारण असें. मासे न मिळणें नेहमींच हवेमुळें नसतें. कधीं कधीं सरोवरांत मासेच कमी असतात. क्रॅपीची पैदास दर वर्षीं सारखी होत नाहीं. एखाद्या वसंतांत पाणी वेळेवर चढून टिकून राहिलें, तर बुडालेल्या गवताझुडुपांत पिलांना खाद्य व आसरा मिळतो आणि मोठी पिढी जगते. दुसऱ्या वर्षीं पाणी लवकर ओसरलें किंवा थंडी उलटली तर ती पिढी जवळजवळ नाहींशीच होते. पिलूं खाण्याजोगें होण्यास साधारण दोन-तीन वर्षें लागतात. म्हणून आजचा वाईट हंगाम हा पुष्कळदां दोन-तीन वर्षांपूर्वींच्या वाईट वसंताचा उशिरा आलेला परिणाम असतो, आणि आज विणीला झालेला उपद्रव दोन-तीन वर्षांनीं जाणवतो.

यामुळेंच निरनिराळ्या संस्थानांनीं संख्येची व लांबीची मर्यादा घातली आहे. केंटकी सरोवरांत दहा इंचांहून लहान क्रॅपी परत सोडावा लागतो. परंतु कायद्याची पट्टी माणसाच्या मोहाला पुरी पडत नाहीं. आठ दिवसांच्या रजेचे सहा दिवस रिकाम्या हातीं गेलेला मनुष्य सातव्या दिवशीं उथळांतला काळवंडलेला नर पाहतो. तो नर अंड्यांवर उभा असतो, जागा सोडीत नाहीं, आणि घरट्याजवळ आलेल्या कोणत्याहि वस्तूवर तुटून पडतो. त्याला धरणें सर्वांत सोपें. त्याला धरलें कीं कांहीं मिनिटांतच इतर मासे अंडीं फस्त करूं शकतात. जेथें मासे विपुल आहेत तेथें अशा थोड्या नरांच्या जाण्यानें सरोवर ओस पडत नाहीं, म्हणून बहुतेक ठिकाणीं विणीच्या काळांतहि मासेमारीस मोकळीक आहे. पण ज्या वर्षीं थंडीनें वीण आधींच दोनदां मोडली आहे त्या वर्षीं उरलेला प्रत्येक राखणदार मोलाचा असतो. चढणीचे मासे ओंजळीनें धरणाऱ्या आपल्याकडील मंडळींनाहि हाच प्रश्न लागू आहे. अंड्यांनीं भरलेली मासळी जितकी सहज सांपडते तितकी ती पुढील सालाला महाग पडते.

तिकडील जाणतीं माणसें म्हणून अशा वर्षीं दोन गोष्टी करितात. एक, जेवणापुरते मासे घेऊन बाकीचे, विशेषतः गडद रंगाचे नर, हात ओले करून अलगद परत सोडतात. दुसरी, एका साध्या वहींत तारीख, पाण्याचें तापमान, पातळी, वारा, गढूळपणा आणि मासा कोणत्या खोलीवर लागला याची नोंद ठेवतात. भरभराटीच्या वर्षींच्या नोंदी फारशा कामाच्या नसतात. तेव्हां मासा कोठेंहि लागतो. रुसलेल्या वसंतांतील चार माशांची नोंद मात्र पुढच्या दहा वर्षांत वारंवार उघडली जाते. रजा संपून घरीं परततांना टोपलींत चारच मासे असले तरी वहींत नवें पान भरलेलें असतें, आणि खाडींत राखणदार आपल्या जागीं असतो.